तो नसताना

एखादं काम बरोबर केलं की चुकीचं, हे ते करताना ठरतं की त्याचा निकाल लागल्यावर? आमच्या पारावर हा प्रश्न असल्या शब्दांत कुणी विचारत नाही. तिथं तो असा निघतो : "सरांनी गड्याला बसवलं, ती अक्कल म्हणायची का नशीब?" गोष्ट १९८८ सालची. ती फायनल बघायला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आलेल्यांपैकी निम्मे आज नाहीत. तरी जत्रेत कबड्डीचे सामने लागले आणि कुणाचा पाय मुरगळला की हा विषय निघतो, दोन तट पडतात आणि चहा गार होतो.

त्या संघात मी होतो. ज्याला बसवलं त्याच्या जागी उतरलेला राखीव गडी तो मीच. त्याला बसवलं नसतं तर मी काठावर टॉवेल सांभाळत राहिलो असतो. तेव्हा माझी साक्ष काही निर्मळ नव्हे. शेंगांची माती झटकून घेतात तशी ती थोडी झटकून घ्यावी. त्याचं नाव मी लिहीत नाही. तो गावातच आहे आणि आपल्याबद्दल छापून आलेलं त्याला खपायचं नाही. नुसतं गडी म्हणतो. सरांना सर.

आमचा भाग खानापूर तालुक्यातला, येरळेच्या अंगचा. म्हणायला नदी, पण वर्षातले बरेच महिने नुसती वाळू. त्या वाळूतच आमची पोरं कबड्डी शिकली. वाळूत पडलं तर लागत नाही, पण पळायचं म्हटलं तर पोटऱ्या भरून येतात. वाळूत तयार झालेला गडी कॉलेजच्या टणक मैदानावर आला की त्याला पंख फुटल्यागत व्हायचं. शिकून पुढं काय, याला आमच्याकडं तेव्हा दोनच उत्तरं होती. एक भरती, पोलिसाची नाहीतर मिलिटरीची. दुसरं गलाई. विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. कुठल्याही मोठ्या गावात सराफांच्या पेठेमागच्या बोळात जा, भट्टीपुढं बसलेला एखादा आमच्याकडचा माणूस सापडतोच. गड्याचा मामा असाच तमिळनाडूत होता. गड्याला मात्र भरतीत जायचं होतं. भट्टीपुढं मांडी घालून जन्म काढणं त्याला नको होतं. आणि भरतीत खेळाचं सर्टिफिकेट कामी येतं, असं सगळे सांगत.

गडी अंगानं किरकोळ. चढाईला निघाला की पहिली दहा सेकंद काहीच करायचा नाही. नुसता कबड्डी-कबड्डी म्हणत निदान रेषेच्या आतबाहेर फिरत राहायचा, जसा काही रानात हरवलेलं काहीतरी शोधतोय. समोरचे कंटाळून एक पाऊल पुढं आले की उजवा पाय असा निघायचा की पंचालाही कधीकधी दिसायचा नाही. आमच्या संघाचे निम्मे गुण त्याचे. उरलेले आम्ही सहाजण वाटून घ्यायचो. खरं सांगायचं तर आम्ही त्याच्याभोवतीचं कुंपण होतो.

इथं खेळाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढं सर जे बोलले ते त्यावर बेतलेलं आहे. कबड्डीत मेलेला उठतो. आपला माणूस बाद झाला की बाहेर बसतो. आपण त्यांचा एक मारला की आपला एक जिवंत होतो, ज्या क्रमानं बाद झाले त्या क्रमानं. जुन्या काळी हुतूतूचे निरनिराळे प्रकार होते. अमर नावाच्या प्रकारात बाद झालेला बाहेर जातच नसे, नुसता गुण मोजत. गामिनीत एकदा गेलेला अख्खा संघ बाद होईपर्यंत परत येत नसे. आणि संजीवनीत मेलेला उठे. आज सगळीकडं खेळतात ती ही संजीवनी. मला नेहमी वाटतं, आपल्या लोकांनी हा प्रकार उचलून धरला त्यामागं काहीतरी आहे. दुष्काळी मुलखातल्या माणसाला गेलेलं परत येतं, एवढी एक सोय खेळात तरी लागते.

तर सेमीफायनल सकाळी झाली, शेजारच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मैदानावर. शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही दोन गुणांनी मागं होतो. गड्यानं चढाईत एकाला पायानं टिपलं, तेवढ्यात तिघांनी त्याला कवळा घातला. तो त्या तिघांना ओढत मध्यरेषेकडं आला आणि पडता पडता बोटं रेषेला टेकवली. चार गुण. मैदान उठून उभं राहिलं. त्या ढिगाऱ्यातून तिघं उठले, चौथा उठला नाही. त्याचा डावा गुडघा खालच्या खाली पिळला होता.

अर्ध्या तासात गुडघा नारळाएवढा झाला. लिंबू-सोड्याच्या गाडीवरून बर्फ आणला, टॉवेलात बांधून लावला. फायनल चार वाजता. मधल्या वेळात शाळेच्या एका वर्गखोलीत जे झालं, त्यावरच पस्तीस वर्षं पारावर भांडण चाललंय.

गावचे लोक येऊन पोचले होते. त्यात एक कंपाउंडर होता, ओळखीचा, भला माणूस. तो म्हणाला, एक इंजेक्शन देतो, दोन तास काही कळायचं नाही. सगळ्यांचे चेहरे उजळले. सर कोपऱ्यात बाकावर बसले होते. ते म्हणाले, "काही कळायचं नाही हेच वाईट. त्याला थांबवणारं तेवढं एक दुखणंच आहे, ते पण तुम्ही बंद करणार."

"सर, गावाची इज्जत हाय," कुणीतरी म्हणालं.

"इज्जत संध्याकाळी घरी जाईल. गुडघा त्याच्याबरोबर राहील."

मग आमच्यातला एक जण म्हणाला, सर, त्याला तर विचारा. सगळे गड्याकडं वळले. तो भिंतीला टेकून पाय लांब करून बसला होता. म्हणाला, "मी खेळतो. माझा पाय हाय, सर."

सर उठले, त्याच्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "पाय तुझा हाय. पण धाडणारा मी हाय. बाहेर बाद झालेला गडी उठतो रं, गुडघा उठत न्हाई." एरवी ते शुद्ध बोलायचे, तेवढ्या वेळी आमच्यासारखे बोलले. मग माझ्याकडं न बघताच माझं नाव घेतलं आणि म्हणाले, तयार हो.

मला आनंद झाला. वीस वर्षांच्या पोराला फायनल खेळायला मिळाली तर होणारच. तो आनंद मी खाली मान घालून लपवला.

पहिल्या डावात आमची धूळदाण झाली. चढाईला जायचं कुणी, याचाच आम्हाला पत्ता नव्हता. जो जाई तो पकडला जाई. बाराव्या मिनिटाला अख्खा संघ बाद, वर लोण. मध्यंतराला आम्ही आठ, ते एकोणीस. आणि दुसऱ्या डावाला उतरायचं ते पाचच जणांनी, कारण मध्यंतरानं मेलेले उठत नाहीत. पहिला डाव संपताना जेवढे आत, तेवढेच दुसऱ्या डावाला आत.

विश्रांती पाच मिनिटांची. तेव्हा गावकरी परत सरांच्या अंगावर आले. आता तरी सोडा त्याला, म्हणाले. सर काही बोलले नाहीत. बोलला तो गडी. तो लंगडत आमच्यात येऊन बसला आणि घाईघाईनं सांगायला लागला. चढाई चालू असताना आपल्या माणसाला सूचना दिली तर समोरच्यांना गुण जातो, म्हणून जे सांगायचं ते या पाच मिनिटांतच. त्यांचा डावा कोपरा पकडीला यायच्या आधी हात मांडीला पुसतो, तो पुसला की मागं फिरा. त्यांचा चढाईचा गडी परतताना कायम उजवीकडनं वळतो. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "तू उजव्या कव्हरला हायस. तो वळला की त्याची पाठ तुझ्याकडं येती. समोरनं मरायला जाऊ नगंस. वळू दे, मग जा."

एवढंच. धीर देणारं भाषण वगैरे काही नाही. काठावर बसून अख्खा डाव त्यानं समोरच्यांचे हात-पाय वाचले होते.

दुसऱ्या डावात काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. जिंकलेल्या सामन्याचं वर्णन ऐकणाऱ्याला फार वेळ सोसवत नाही. त्यांना वाटलं सामना झाला, म्हणून ते सैल पडले. आम्हाला चढाया जमत नव्हत्या, म्हणून आम्ही चढाईला जाऊन नुसते रेषा ओलांडून परत यायचो आणि गुण मिळवायचे ते पकडीतून, असं आपोआपच ठरलं. त्यांचा तो गडी वळायचा, मी मागून जायचो, आमचा कोपरा घोट्याला मिठी मारायचा. तीनदा असाच सापडला. दर पकडीला आमचा एक उठायचा. पाचाचे सहा, सहाचे सात झाले. लोण चढला. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा पंचवीस-पंचवीस. त्यांची चढाई. तो आला, वळला, आम्ही गेलो. सव्वीस-पंचवीस. शिट्टी.

गुलाल उधळत आम्ही गावात आलो. गड्याला ट्रॉलीत पोत्यांवर पाय लांब करून बसवलं होतं. त्याच्याही तोंडाला गुलाल लावला. एकजण प्रेमानं त्याच्या गळ्यात पडून ओरडला, "बघ, तुझ्याबिगर बी आणली का न्हाई ढाल!" सगळे हसले. गडीही हसला. तो घरी उतरला तेव्हा त्याची आई दारात उभी होती. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. कोण जिंकलं ते तिनं विचारलं नाही. गुडघ्याकडं बघून म्हणाली, "सुगीला उभा ऱ्हाशील का?"

दुसऱ्या दिवशी सकाळपासून सर शहाणे झाले. आदल्या दुपारी जे त्यांच्या अंगावर धावून गेले होते तेच सांगायला लागले की सरांनी काय डोकं लढवलं, गड्याला बसवून समोरच्यांना गाफील ठेवलं. सरांनी असलं काही लढवलं नव्हतं. त्यांनी एका पोराचा गुडघा बघितला होता. आणि समजा शेवटच्या चढाईत त्यांचा तो गडी उजवीकडं न वळता डावीकडं वळला असता, तर? सव्वीस-पंचवीस उलटं झालं असतं. खोलीत बोललेला एक शब्दही बदलला नसता, पण त्याच माणसांनी सरांना पुढची दहा वर्षं पाण्यात पाहिलं असतं.

मला इथंच खटकतं. चार वाजताच्या सामन्यानं दुपारी एकच्या निर्णयाला बरोबर ठरवलं, हे कसं? पेरणी वेळेवर केली आणि पाऊस आला नाही, म्हणून पेरणारा मूर्ख ठरत नाही. दारू पिऊन गाडी चालवणारा सुखरूप घरी आला, म्हणून तो शहाणा ठरत नाही. हे शेतात आणि रस्त्यावर आपल्याला कळतं. ढाल दिसली की कळेनासं होतं.

पुढं गावात टीव्ही आले. मी मास्तर झालो, पेपर वाचायची सवय लागली आणि असल्या बातम्या माझ्या डोळ्यांना आपोआप दिसायला लागल्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये केरी स्ट्रग नावाच्या अठरा वर्षांच्या अमेरिकन मुलीचा व्हॉल्टच्या पहिल्या उडीत घोटा दुखावला. तिचे प्रशिक्षक बेला करोली काठावरून तिला म्हणत राहिले, तू करू शकतेस. ती लंगडत गेली, दुसरी उडी मारली, क्षणभर पाय टेकून लगेच एका पायावर उभी राहिली आणि मग कोसळली. अमेरिकेच्या मुलींना सांघिक सुवर्ण मिळालं. करोलींनी तिला उचलून आणलं, तो फोटो जगभर गेला. मागाहून लोकांनी गुणांचा हिशेब मांडला, तर ती दुसरी उडी मारली नसती तरी सुवर्ण मिळणारच होतं. वैयक्तिक फेऱ्या मात्र तिला खेळता आल्या नाहीत. मी हे पारावर सांगितलं तेव्हा एक आबा म्हणाले, "पर तवा त्यांना हिशोब कुटं ठावं हुता?" बरोबर बोलले. तेव्हा ठाऊक नव्हता. म्हणून जे ठाऊक होतं त्यावरच त्या माणसाला तोलायचं : समोर एक मुलगी लंगडतेय, एवढं त्याला ठाऊक होतं.

कुणी अनिल कुंबळेचं नाव काढतं. २००२ साली अँटिग्वात जबडा मोडलेला असताना डोक्याभोवती पट्टी बांधून त्यानं चौदा षटकं टाकली आणि लाराला बाद केलं. तो दिवस मला आठवतो, अंगावर काटा आला होता. मग कुंबळेला वाहवा आणि गड्याला मनाई, हे कसं? याचं उत्तर द्यायला मला बराच विचार करावा लागला. कुंबळे तेव्हा तिशी ओलांडलेला, नाव कमावलेला माणूस. त्याच्या मागं मंडळ, डॉक्टर. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेसाठी मायदेशी निघायची सोय. त्यानं जे पणाला लावलं ते भरून काढायला माणसं उभी होती. गड्याच्या मागं कोण? ट्रॉलीभर गाव आणि एक कंपाउंडर.

हे मी एकदा गड्यापुढंच बोललो. तो म्हणाला, "म्हंजे पैसेवाल्याचा पाय त्याचा, अन् गरिबाचा पाय सरांचा?"

या वाक्यानं मला अडवलं, ते अजून पूर्ण सोडलेलं नाही. कारण त्यात खरं आहे. त्याच्या आईच्या पायाला एकदा भांगलताना खुरपं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी चिंधी बांधून ती रानात. तिला कुणी बस म्हणालं नाही, कुणी उठ म्हणालं नाही. आमच्याकडं दुखऱ्या अंगानं काम करणं हा पराक्रम नव्हताच कधी, तो रोजगार होता. अशा घरातला पोरगा 'मी खेळतो' म्हणतो तेव्हा ते त्याचं म्हणणं किती आणि सवयीचं किती? खोली माणसांनी भरलेली, सगळे तोंडाकडं बघतायत, आणि विचारलं काय तर खेळतोस का. बसतोस का, असं त्याला कुणी विचारलंच नाही. 'हो' म्हणायची मोकळीक होती, 'नाही' म्हणायची नव्हती. जिथं 'नाही' म्हणता येत नाही तिथल्या 'हो'ला मी त्याची मर्जी मानायला तयार नाही. सरांनी त्याचा हक्क काढून घेतला असं तो म्हणतो. मला वाटतं सरांनी त्याच्या वतीनं ते 'नाही' म्हटलं. या ठिकाणी आमचं दोघांचं जमत नाही, आणि आता जमेल असंही नाही.

गुडघ्याचं पुढं काय झालं? मिरजेला नेलं. डॉक्टरांनी आतली शीर तुटलीय म्हणून सांगितलं, प्लास्टर घातलं. त्या वर्षीची भरती गेली. पुढच्या वर्षी तो पळायला उभा राहिला, पण निम्म्यातच गुडघा सटकला. मग मामाकडं गेला, गलाईला. म्हणजे सरांनी वाचवलेल्या गुडघ्यानं भरती काही मिळाली नाही. त्या दिवशी खेळला असता तर याहून वाईट झालं असतं का? जन्माचा लंगडा झाला असता का? की एवढंच झालं असतं, वर फायनल खेळल्याचं समाधान? ते कुणालाच कळायचं नाही. ते न कळताच सरांना ठरवावं लागलं, आणि तसं ठरवणं म्हणजे काय हे निकालावर बोट ठेवून बोलणाऱ्याला समजत नाही.

पण गड्याचा खरा राग सरांवर नव्हता, हे मला फार उशिरा उमगलं. राग जिंकण्यावर होता. आम्ही हरलो असतो तर गाव जन्मभर म्हणालं असतं, तो असता तर! त्या 'असता तर'मध्ये त्याची जागा राहिली असती. आम्ही जिंकलो, आणि तो नसतानाही भागतं हे सिद्ध झालं. दोन वर्षं ज्यानं निम्मे गुण आणले, सेमीफायनलमध्ये ज्यानं तिघांना ओढत आणलं, तो एका संध्याकाळीत जादा झाला. पंचाच्या गुणपत्रकात फायनलला त्याचं नाव राखीव म्हणून आहे, पुढं शून्य. मध्यंतरात त्यानं सांगितलेल्या दोन गोष्टी लिहायला गुणपत्रकात रकाना नसतो. माझ्या नावापुढच्या तीन पकडी त्याच्या डोळ्यांनी केलेल्या होत्या. मी हे गावात कितीदा सांगितलं. लोक मान हलवतात आणि म्हणतात, मास्तर मोठ्या मनाचा आहे. म्हणजे त्यातनंही कौतुक माझंच होतं.

एकाच निकालानं सरांना जास्तीचं दिलं आणि गड्याचं होतं तेही काढून घेतलं. सावकाराचं माप सुद्धा दोन्हीकडं खोटं नसतं हो.

सर निवृत्त झाल्यावर मी त्यांना भेटायला गेलो होतो. अंगणात बसलो. धीर करून विचारलं, सर, हरलो असतो तर? ते म्हणाले, "हरलो असतो तर तुम्ही हरला असता. मी जे केलं ते तेच राहिलं असतं." मग जरा थांबून म्हणाले, "लोक मला शहाणा म्हणतात ना, ते पुढच्या वेळीही जिंकायच्या बोलीवर म्हणतात. म्हणून मी ती गोष्ट कुठल्या समारंभात सांगत नाही. पुढच्या एखाद्या सरांना वाटायचं, पोराला बसवलं की ढाल मिळते. नाही मिळत. बऱ्याचदा नाही मिळत." त्यांनी गड्याची चौकशी केली. मामाकडं बरा आहे म्हणालो. मांडी घालता येते का, असं विचारलं. मी म्हणालो, एका पायाची घालतो, दुसरा लांब ठेवतो. सर बराच वेळ बोलले नाहीत.

गडी पुढं गावी परतला. थोडी द्राक्षबाग केली, दूध घालतो. आता रोज संध्याकाळी भेटतो. २०१८ साली मी पेपरात एक बातमी वाचली आणि ती कापून त्याला दाखवायला नेली. अमेरिकेत इंडियाना राज्यात नोटर डेम नावाचं विद्यापीठ आहे. त्यांच्या मुलींचा बास्केटबॉलचा संघ. त्या हंगामात त्यांच्या चार मुली गुडघ्याची शीर तुटून बसलेल्या. त्यातली ब्रियाना टर्नर म्हणजे संघाचा मोठा आधार. ती आदल्या वर्षीच्या स्पर्धेत पडली ती अख्खा हंगाम बाहेर. उरलेल्या मुली सेमीफायनलमध्ये जादा वेळेत शेवटच्या सेकंदाला जिंकल्या. १ एप्रिलला फायनल. तिसऱ्या डावात पंधरा गुणांनी मागं, तिथून बरोबरी, आणि घड्याळात सेकंदाचा दहावा हिस्सा उरला असताना अरिके ओगुनबोवाले या मुलीचा लांबून मारलेला चेंडू टोपलीत. एकसष्ट-अठ्ठावन्न.

गड्यानं कात्रण दोनदा वाचलं. म्हणाला, "ती बसल्याली पोरगी कुटं हाय यात?" फोटोत ती दिसत नव्हती.

पुढच्या वर्षी मी लक्ष ठेवून होतो. टर्नर बरी होऊन परत आली, अख्खा हंगाम खेळली. संघ पुन्हा फायनलला पोचला. आणि बेलर विद्यापीठाकडून एका गुणानं हरला, ब्याऐंशी-एक्याऐंशी. निकालावरूनच माणूस मोजायचा तर काय निघतं बघा : ती नसताना ढाल, ती असताना हार. आता ती जादा होती, असं कोण म्हणेल? पण आमच्या पारावर बसणारे म्हणतील. अमेरिकेतही असे पार असतीलच.

हे मी गड्याला सांगायला गेलो. तो गोठ्यात धार काढत होता, एक पाय लांब करून, तिवईवर बसून. मी सगळं सांगितलं. ती परत आली, खेळली, फायनलला गेली, एका गुणानं हरले. मला वाटलं तो हसेल, नाहीतर म्हणेल, बघा. तो धार काढत राहिला. चरवी भरत आली तसा म्हणाला,

"अन् गुडघा? गुडघा धरला का तिचा?"

म्हटलं, धरला. आता पैसे घेऊन खेळते, फिनिक्सच्या संघात.

"मग झालं की," तो म्हणाला, आणि वासरू सोडलं.